यंत्राची तहान

उन्हाळ्यांत माणसास तहान लागते, गुरांस लागते, झाडांस लागते. परंतु यंत्रासहि ती लागते हें आम्हीं उभा जन्म मुलांना शिकविलें असूनहि आमच्या मनास तें कधीं नीटसें शिवलें नव्हतें. मोटारीच्या पुढल्या जाळीमागें पाणी असतें, वाफेचें इंजिन स्टेशनांत उभें राहून पाणी पीत असे, या गोष्टी आम्ही फळ्यावर आकृति काढून सांगत आलों. पण टेबलाजवळचा संगणक पाण्यानें थंड करावयाचा, आणि तोहि मे महिन्यांत, आणि तोहि जव्हारास, असा प्रसंग निवृत्तीनंतर आमच्यावर येईल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. तो आला. त्यांत आमची विद्या किती पुरली आणि कोठें अपुरी पडली हें सांगण्याकरितां हा लेखनप्रपंच आहे.

जव्हार हें समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवरचें गांव. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आणि २०१४ च्या ऑगस्टपासून गांव ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत आलें. जयविलास राजवाडा पाहावयास येणारे लोक येथील हवेची स्तुति करतात, आणि त्यांतले पुष्कळसे पावसाळ्यांत किंवा थंडींत आलेले असल्यामुळें ती स्तुति खोटी नसते. मे महिन्याच्या दुपारीं मात्र त्यांनीं पत्र्याच्या छपराखालीं तासभर बसून पाहावें. हवेचें कौतुक आपोआप थांबतें.

अशाच एका पत्र्याच्या खोलींत आमचा एक जुना विद्यार्थी आपला धंदा करतो. मूळचा तो मोखाडा तालुक्यांतल्या एका पाड्यावरचा. लग्नांचें चित्रण करावयाचें आणि तें संगणकावर जुळवून, गाणीं घालून, वधूवरांच्या घरीं पोहोंचवावयाचें, हा त्याचा उद्योग. यासाठीं त्यानें एक चांगला दणकट संगणक हप्त्यांवर घेतला होता. धंद्याची गम्मत अशी कीं लग्नें उन्हाळ्यांत होतात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत त्याच्या यंत्रास सर्वांत जास्त काम, त्याच दोन महिन्यांत खोलीची हवा सर्वांत तप्त. संगणकाचा मेंदु, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो शंभर अंशांच्या जवळपास तापला कीं आपण होऊन गति कमी करतो. जळून जाण्यापेक्षां सावकाश चालणें बरें, एवढी समज त्याच्या कारागिरांनीं त्यांत घालून ठेवलेली असते. परिणाम असा होई कीं रात्रीं दोन तासांत उरकणारें काम दुपारीं पांच तास घेई, आणि लग्नघरचीं माणसें दारांत येऊन बसत. एके दिवशीं तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पंख्यानें भागत नाहीं. पाण्याचें बसवूं या का? पण एकट्याला भीति वाटते."

भीति वाटणें साहजिक होतें. वीज आणि पाणी यांचा मेळ घालूं नये असें त्यास लहानपणीं शिकविणारे आम्हीच! पण आम्हांस आपल्या पदार्थविज्ञानाचा थोडा अभिमान होता. आम्हीं होकार दिला.

पाणीच कां, याचें उत्तर सोंपें आहे. एक लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेनें सुमारें साडेतीन हजार लिटर हवा एका अंशानें तापते. हवा ही जणू चिमटीनें धान्य नेणारी, आणि पाणी हें पोत्यानें नेणारें. विक्रमगडाकडून जव्हारचा घाट चढतांना जुन्या एस. टी. गाड्या धापा टाकीत. मग ड्रायव्हर गाडी बाजूस घेऊन, ओलें फडकें रेडिएटरच्या टोपणावर टाकून, जपून तें उघडी आणि ओढ्याचें पाणी आंत ओती, हें आमच्या पिढीनें पाहिलेलें आहे. संगणकांतहि तीच युक्ति आहे, फक्त बारीक हातानें केलेली. ती नवीहि नाहीं. १९८५ सालचा क्रे-२ हा अमेरिकन महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत संबंध बुडवूनच ठेवीत. आणि पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकांतहि द्रव थेट तापल्या भागांपर्यंत नेण्याची योजना केली गेली.

ज्यांस हा उद्योग करावयाचा आहे त्यांच्यासाठीं येथें चार शब्द लिहिणें अवश्य आहे. नवख्यानें शक्य तर तयार संच घ्यावा. त्यांत पंप, नळ्या आणि रेडिएटर हीं एकमेकांस कायमचीं जोडून, पाणी भरून, बंद करूनच येतात. आपण फक्त स्क्रू आवळावयाचे. यांत धोका थोडा, आणि शिकण्यासारखेंहि थोडें. आमच्या विद्यार्थ्याचें मात्र ग्राफिक कार्डहि तितकेंच तापत असल्यामुळें प्रोसेसर आणि कार्ड अशीं दोन्ही ठिकाणें एकाच पाण्यानें निववावयाचीं होतीं, आणि त्यासाठीं सुटे भाग आणून सर्व जोडणी हातानें करणें भाग होतें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यानें ते भाग आणले. पांचच वस्तु: तापल्या भागावर बसविण्याचे तांब्याचे ठोकळे, ज्यांच्या पोटांत केंसासारख्या बारीक खांचा असतात, पाणी फिरविणारा पंप, पाण्याची छोटी पारदर्शक टाकी, पंखे लावलेला रेडिएटर, आणि या सर्वांस जोडणाऱ्या नळ्या. पंपास कोरडें चालूं देऊं नये, म्हणून टाकी त्याच्या वर असावी. ठोकळा तांब्याचा असेल तर रेडिएटरहि तांब्याचाच घ्यावा. एकाच पाण्यांत तांबें आणि ॲल्युमिनियम एकत्र आलीं कीं दोहोंमध्यें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजूं लागतें. पाणी विहिरीचें अगर नळाचें नको, कारण त्यांतले क्षार बारीक खांचांत बसतात. बॅटरीसाठीं मिळतें तसें ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, आणि शेवाळ व गंज न येण्यासाठीं जें औषध मिळतें तें त्यांत घालावें.

येथवर आमची विद्या उत्तम चालली. जोडणीच्या दिवशीं आम्हीं त्या मुलास हिशेबहि करून दाखविला. दोन्ही ठिकाणें मिळून ३०० वॉट उष्णता सोडतात असें धरलें आणि फिरणारें पाणी एक लिटर धरलें, तर रेडिएटर नसल्यास तें पाणी दर मिनिटास चार अंशांहून अधिक तापत जाईल आणि सुमारें पाव तासांत उकळीस येईल. म्हणून पाणी थंड करतें हें म्हणणेंच मुळीं खरें नव्हे. पाणी वाहून नेतें, इतकेंच. एका फेरींत तें जेमतेम एका अंशाचें ओझें उचलतें, रेडिएटरपाशीं नेऊन टाकतें आणि पुनः रित्या हातांनीं परततें. शेवटीं ती उष्णता खोलींतल्या हवेंतच जावयाची. खोलीच्या हवेहून यंत्र अधिक थंड होणें या मार्गानें शक्य नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत तारापूरला १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें, तें समुद्राच्या कांठीं कां, याचेंहि उत्तर यांतच आहे: उष्णता टाकावयास मोठी जागा लागते.

आमचें हें व्याख्यान चाललें असतां त्या मुलाची आई दाराशीं बसून ऐकत होती. ती एरवीं पाड्यावरच राहते. एप्रिल संपतां संपतां पाड्याची विहीर तळाला जाते, टँकरची वाट पाहणें सुरू होतें, आणि मग पाऊस पडेपर्यंत ती मुलाकडे जव्हारास येते. तिनें ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटल्यांकडे पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, या यंत्राला रोज किती पाणी लागतं?"

प्रश्न साधा होता. पण त्यामागें काय आहे हें आम्हांस ठाऊक होतें. मोखाड्यांत पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तो काळ्या खडकावरून धांवत नद्यांना मिळतो, आणि उन्हाळ्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन त्याच खडकावरून पाणी शोधीत हिंडतात. त्याच तालुक्यांत कोचाळे गांवाजवळ मध्य वैतरणेचें धरण उभें आहे. तेथून मुंबईस दररोज सुमारें ४५ कोटी लिटर पाणी मिळतें. मुंबईनें पाणी पिऊं नये असें कोण म्हणेल? तथापि धरणाच्या तालुक्यांतल्या बाईनें एका लिटराचा हिशेब विचारावा, यांत कांहीं अयोग्य नाहीं.

आम्हीं सांगितलें, "ताई, रोज नाहीं. एकदां भरलें कीं वर्षभर तेंच पाणी फिरत राहतें. वर्षानें बदलावयाचें. सारें मिळून एक लिटर."

"म्हणजे पितच नाही," ती म्हणाली. "नुसतं फिरवतं."

त्या क्षणीं आम्हांस आमच्या वर्गांतल्या माठाची आठवण झाली. माठ पाणी थंड करतो तो वेगळ्या मार्गानें. त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना उष्णता घेऊन जातें. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापण्यास एक उष्मांक लागतो. पण तेंच वाफ होऊन उडण्यास ५८० च्या आसपास उष्मांक लागतात. म्हणून माठांतलें पाणी भोंवतालच्या हवेहूनहि गार होतें, जें आमच्या नळ्यांना कधींच साधणार नाहीं. पण माठ त्याची किंमत घेतो: त्यांतलें पाणी रोज थोडें थोडें कमी होतें. पाण्यानें यंत्रें निवविण्याचे मुख्य मार्ग हे दोन आहेत. एक पाणी फिरविण्याचा आणि एक पाणी उडविण्याचा. जेथें हजारों संगणक एका छपराखालीं ठेवतात अशा मोठ्या दत्तागारांतून कित्येक ठिकाणीं दुसरा मार्ग वापरतात, कारण त्यांत वीज कमी लागते. आणि तेथें पाणी रोज लागतें. त्या बाईचा 'रोज किती?' हा प्रश्न म्हणूनच नेमका होता. आम्ही पंपाची शक्ति, नळीचा व्यास आणि तांब्याची जाडी मोजीत बसलों होतों. मोजावयाची पहिली गोष्ट तिनें विचारली.

असो. सायंकाळीं पांचाच्या सुमारास पाणी भरलें. नियम असा आहे कीं संगणकाच्या इतर भागांस वीज न देतां केवळ पंप चालवावा, प्रत्येक जोडाखालीं टिपकागद ठेवावा, आणि निदान एक अहोरात्र वाट पाहावी. पंप सुरू झाला, नळ्यांतून बुडबुडे धांवूं लागले. पेटी इकडे तिकडे कलती करून आम्हीं अडकलेली हवा बाहेर काढली. मुलाच्या आईनें हळदकुंकू आणलें, पेटीस लावलें, आणि एक कुंकवाचें बोट टाकीच्या कांचेवर, पाण्याच्या कडेशीं टेकविलें. आम्हीं तें भक्तिभावाचें समजलों.

रात्रीं आठ वाजतां टिपकागद कोरडे होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका लग्नघरीं काम द्यावयाचें होतें. मुलगा आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. येथें आम्हीं चूक केली. एक अहोरात्र म्हणजे अहोरात्र, हें आम्ही प्रयोगशाळेंत ज्या कठोरपणानें मुलांना सांगत असूं, त्याचा त्या वेळीं आम्हांस विसर पडला. आम्हीं म्हटलें, "तीन तासांत कांहीं आलें नाहीं, आतां काय यावयाचें! जेवून घे आणि सुरू कर."

तो जेवावयास उठला. त्याची आई मात्र टाकीपाशीं गेली आणि म्हणाली, "पाणी उतरलंय."

आम्हीं पाहिलें. कुंकवाच्या खालीं खरोखरच बोटभर पातळी उतरली होती. आम्हीं हंसून समजावून दिलें, "ताई, तें तसें होतेंच. नळ्यांत अडकलेली हवा बाहेर येते, तिच्या जागीं पाणी जातें, म्हणून टाकींत कमी दिसतें." हें स्पष्टीकरण शास्त्रशुद्ध होतें, प्रत्येक पुस्तकांत तें मिळेल.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बुडबुडं तर दिवेलागणीलाच थांबलं, गुरुजी. पाणी अजून उतरतंय. जेवायला बसायच्या आधी पाहिलं, तेव्हा एवढं नव्हतं."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तिनें पदर खोंचला, पेटींत हात घातला, आणि वरून खालीं नळ्यांना बोट लावीत गेली. फुटक्या हंड्याचें भोंक शोधावें तसें. मागच्या बाजूच्या एका जोडापाशीं तिचें बोट थांबलें. पाणी तेथून टपकत नव्हतें. म्हणून टिपकागद कोरडा. तें नळीच्या अंगाला धरून, दिसेल न दिसेल असें ओघळत, थेट ग्राफिक कार्डाच्या पाठीवर जाऊन सांचत होतें. त्या मुलाच्या हप्त्यांचा निम्म्याहून अधिक भाग त्या एका कार्डांत होता. जेवण उरकून त्यानें बटण दाबलें असतें, तर पुढें काय झालें असतें हें सांगावयास नको.

जोड उघडून पाहिला. आंतली रबराची चकती एका बाजूस चेंगरली होती. हे जोड हातानें आवळले तेवढे पुरतात. पान्यानें आवळूं नयेत असें संचाबरोबरच्या कागदावर छापलेलेंहि होतें. तो जोड पान्यानें आवळणारे आम्हीच. मुलाचा हात कोंवळा आहे, नीट बसला नसेल, असें म्हणून आम्हीं वर दोन वेढे दिले होते. आम्हीं तें त्यास तेथल्या तेथें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं; त्यानें लग्नघरीं फोन करून एक दिवस मागून घेतला, शिव्या खाल्ल्या आणि कार्ड पुसून पंख्याखालीं ठेवलें.

नवी चकती घालून पुढें पुरतें एक अहोरात्र पंप चालविला. या खेपेस पातळीवरची नजर आमची नव्हती, तिची होती. आणि कुंकवाचें बोट जागचें हललें नाहीं, तेव्हांच यंत्र सुरू झालें. पूर्वीं भर दुपारीं ९५ अंशांच्या वर जाणारा प्रोसेसर आतां ७५ च्या आसपास राहतो, आणि पंख्याचा आवाज इतका कमी झाला आहे कीं चित्रणांतल्या मंगलाष्टका नीट ऐकूं येतात. मध्यंतरीं त्या मुलाच्या कोणा मित्रानें टाकीभोंवतीं बर्फ ठेवण्याची युक्ति सुचविली. ती मात्र आम्हीं ठामपणें मोडून काढली. पावसाळ्यांत जव्हारची हवा इतकी दमट असते कीं नळ्या हवेहून गार झाल्या तर गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम त्यांना बाहेरून सुटेल, आणि तें पाणी कोणत्याहि चकतीनें अडणार नाहीं.

शाळेंत आम्ही निरीक्षणाचे गुण देत असूं. पातळीवर खूण करावी, ठराविक वेळानें ती पाहावी, आणि कारण सांगतांना तें कारण थांबल्यावरहि परिणाम चालूं आहे काय हें तपासावें, हा पाठ आम्हीं कितीतरी वर्षें दिला. पाड्यावरच्या रांजणाशीं तो पाठ रोज गिरवला जातो, हें आम्हांस माहीत नव्हतें. पुढें एकदां आम्हीं तिला विचारलें कीं कुंकवाचें बोट मुद्दाम पाण्याच्या कडेशींच लावलें होतें काय. ती म्हणाली, "मग कुठं लावायचं? घरात रांजणाला कोळशानं लावतो. पाणी कोण नेतं, कुठं जातं, कळायला नको?"

जूनमध्यें पाऊस लागला आणि ती पाड्यावर परत गेली. जातांना उरलेली ऊर्ध्वपातित पाण्याची एक बाटली तिनें फडताळांत वरच्या फळीवर, धान्याच्या डब्याशेजारीं ठेवून दिली. हें पाणी पिण्यासाठीं नव्हे, बॅटरींत किंवा यंत्रांतच घालावयाचें, असें मुलानें तिला सांगून पाहिलें. "असू दे," ती म्हणाली, "पुढल्या वर्षी त्यालाच लागेल." बाटली अजून तेथेंच आहे.